वाडीचा चढ आणि दोन ठोकळे

वाडीच्या चढावर पाण्याचा टँकर मागं घसरला तो बालाजीच्या हातानं नाही, मी बसवलेल्या ठोकळ्यांमुळं घसरला. हे वाक्य या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, उस्तादांजवळ नाही. दिवाळी अंकवाल्यांनी 'तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा' म्हणून गळ घातली, गमती आठवायला बसलो, तर प्रत्येक गमतीच्या मागं हे वाक्य उभं. म्हणून आधी तेच लिहून टाकलं. आता गमतीही सांगता येतील.

माझा धंदा पाट्यांचा. एखाद्या ट्रकच्या किंवा जुन्या जीपच्या मागं वाकून बघा. दोन्ही चाकांना जोडणारं जाडजूड लोखंडी नळकांडं दिसेल, त्याला आम्ही हौसिंग म्हणतो. त्यावर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची जुडी आवळलेली असते. सगळ्यात लांब पट्टी वर, खाली तिच्याहून आखूड, मग आणखी आखूड, सगळ्या होडीसारख्या वाकवलेल्या. हे पाटे. लोकांना वाटतं, पाटे म्हणजे धक्के कमी करायची सोय. ते खरं आहे, पण अर्धंच. चाकाला जमीन धरून ठेवायला लावायची, हे कामही पाट्यांचंच.

हे मला शिकवलं नांदेडच्या उस्तादांनी. देगलूर नाक्याजवळ त्यांचं दुकान होतं. मी तिथं भात्यापासून सुरुवात केली. एकदा दुकानातली शहाबादी फरशी धुतलेली, ओली. उस्ताद म्हणाले, "चल के बता." मी टाचा उचलून, उड्या मारत निघालो आणि दुसऱ्याच पावलाला आपटलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "उचक उचक के चलेगा तो गिरेगाच. पूरा पाँव टेक के चल. चक्का बी वैसाच है, बेटा."

दुसरा धडा चढाचा. गाडी चढाला लागली की इंजिन चाकाला पुढं फिरवतं आणि त्याच जोरानं हौसिंग उलटं पिळलं जातं. त्या पिळानं पाट्याचा पुढचा अर्धा भाग मुरडतो. मुरडलेलं पोलाद गप्प बसत नाही, ते झटक्यात सरळ होतं. चाक उडतं, पुन्हा टेकतं, पुन्हा पाटा मुरडतो. आम्ही म्हणतो, चाक नाचायला लागलं. नाचणारं चाक कितीही जोरात फिरवा, गाडी वर जात नाही. त्यावर उपाय म्हणून उस्ताद जुडीत एक अर्धा पाटा घालायचे, फक्त पुढच्या बाजूला. पूर्ण पाटा घातला तर गाडी दगडासारखी होते, आणि रिकामी असताना चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी त्यावरून उडी मारतं. अर्धा पाटा फक्त पीळ अडवतो.

आणि ठोकळा. पाटे बसले, गाडी मागून झुकली, की हौसिंग आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडाचा ठोकळा सरकवायचा आणि लांब यू-बोल्टनं आवळायचं. गाडी लगेच उंच. काम झटपट, गिऱ्हाईक खूश. पण घट्ट नट सुटत नसला की आपण पान्याला नळी लावतो ना, हात लांब झाला की जोर वाढतो म्हणून? ठोकळा म्हणजे हौसिंगला लावलेली तशीच नळी. पीळ वाढतो. सपाट रस्त्यावर कळतही नाही, चढावर कळतं. उस्तादांचा शब्द ठरलेला होता, "चढनेवाली गाडी को ठोकला नै." मला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून इतकं सविस्तर सांगून राहिलो. अडाणीपणानं झालं असं म्हणायची सोय मला नाही.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी नांदेड सोडलं. नव्या जिल्ह्यात रोज कुठल्या तरी इमारतीवर नवी पाटी चढायची आणि प्रत्येक पाटीमागून एक जीप यायची. उस्तादांनी जुनी ऐरण दिली आणि म्हणाले, "जा. जबान खोल के धंदा कर, मुँह बंद रख के हतोडा मत चला." माझा स्वभाव त्यांना माहीत होता. मी कमी बोलतो. लोकांना तो गुण वाटतो.

लातुरात नांदेड रोडला पत्र्याचं दुकान टाकलं. पहिलं गिऱ्हाईक एका साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर. जीप आदळते म्हणून साहेबीणबाई बसायला तयार नव्हत्या. तर या गड्यानं मागच्या सीटखाली ज्वारीचं पोतं टाकलं होतं. म्हणाला, "मिस्त्री, पोतं हाय तोवर गाडी मऊ चालती, चिखलात बी अडकत न्हाई. पण साहेब इचारतेत, ज्वारी कुणाची? काय सांगू?" मी दोन पाटे कमी केले, उरलेल्यांना नवा बाक दिला. गाडी मऊ झाली, चाक जमिनीवर टेकायला लागलं. ज्वारी कुणाची होती ते मीही विचारलं नाही.

मग दुष्काळ पडला. मांजरा नदीत वाळू तेवढी उरली. टँकर सुरू झाले, आणि टँकर म्हणजे काय, तर म्हाताऱ्या ट्रकांच्या पाठीवर लोखंडी टाक्या. आमच्या दुकानासमोर रांग लागायची. मी पाणी विकत घेऊन प्यायचो आणि पाण्याच्या गाड्या दुरुस्त करायचो.

शिवलिंगअप्पांचा टँकर त्यातलाच. अप्पांचं धान्याच्या मोंढ्यात दुकान होतं, कपाळाला भस्म, बोलणं गोड, घाई भयंकर. सरकारी फेऱ्यांचं काम त्यांना नुकतंच मिळालेलं. टँकर घेऊन आला तो त्यांचा ड्रायव्हर बालाजी, माझ्याच वयाचा, सडपातळ, दात काढून हसणारा. गाडी उभी करून त्यानं चाकांवरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"मिस्त्री, नीट बगा बरं का. अहमदपूरच्या पुढं डोंगरातल्या वाडीला जायचंय. उद्या पयली फेरी. माजी सासरवाडी हाय ती."

"म्हणजे जावईबापू पाणी घेऊन निघाले," अप्पा म्हणाले. "आहेर बी घे मग."

"आहेर कशाचा अप्पा. मामा म्हणले, पाणी आण, दुसरं काय आणू नको."

मी खाली शिरून बघितलं. पाटे पार सपाट झालेले. खरं काम असं होतं: जुडी उघडायची, एकेक पाटा तापवून ठोकून बाक द्यायचा, पुढच्या बाजूला अर्धा पाटा घालायचा, आणि वर एक वेगळा हेल्पर पाटा ठेवायचा, गाडी भरली की टेकणारा आणि रिकामी असली की मोकळा राहणारा. याला काही दिवस लागले असते.

अप्पांना सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात ते म्हणाले, "मिस्त्री, दिवस मोडू नका. समोरचा दुकानवाला म्हणतो दुपारपर्यंत ठोकळे टाकून देतो. मागून गाडी वर उचललेली दिसली पायजे बस. झुकलेली गाडी बघून साहेब म्हणतेत टँकर निकामी हाय."

ही आमच्याकडची खोड. ट्रक असो की बैलगाडी, मागून उंच म्हणजे दमदार. गाडी किती उंच उभी राहते ते बघायचं, चाक कसं टेकतं ते कुणी बघत नाही.

समोरचा दुकानवाला दारात उभं राहून आमच्याकडंच बघत होता. माझं दुकान नवीन. अप्पांच्या मागं मोंढ्यातले आणखी टँकरवाले. "चढाला ठोकळा चालत नाही" एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "बरं."

बालाजीनं मात्र विचारलं. "मिस्त्री, चढाला काय होत न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अप्पा मलाही घेऊन गेले. पहिली फेरी, काही ढिलं झालं तर आवळायला मिस्त्री बरोबर असावा म्हणून. टँकर पुढं, आम्ही जीपमध्ये मागं. वाडी टेकडीवर आणि तिचा चढ मुरमाचा, वरच्या टोकाला वळण. वळणावर सगळी वाडी उभी. घागरी, हंडे, डबे, एका बाईनं तर पोराच्या पाळण्याखाली ठेवायची बादली आणलेली. मधोमध बालाजीचे सासरे, डोक्याला नवा पटका, हातात नारळ. टँकरची पूजा करून मग नळ उघडायचा असं ठरलेलं. आपला जावई पाणी आणतोय, हे त्यांच्या उभं राहण्यातच दिसत होतं.

बालाजीनं चढाला गाडी घातली ती अगदी बरोबर. पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडलेला, घाई नाही. निम्म्याच्या वर गेला आणि मागची चाकं नाचायला लागली. मी मागून बघत होतो. हौसिंग पिळतंय, झटकतंय, चाक उडतंय. टाकीतलं पाणी मागं धावलं आणि प्रत्येक झटक्याला टाकीवर आदळायला लागलं. चाकाखालून मुरूम उडाला. गाडी थांबली, मग मागं आली.

बालाजीनं उडी मारली नाही, हे मी इथं मुद्दाम लिहितो. त्यानं मागं बघत बघत गाडी डोंगराच्या अंगाला वळवली आणि बांधात घातली. दुसऱ्या अंगाला दरी होती. कुणाला ओरखडा आला नाही. फक्त टाकीचा मागचा नळ बांधाला लागून तुटला, आणि पाणी चढावरून खाली वाहायला लागलं. बाया घागरी घेऊन त्याच्यामागं धावल्या. मुरूम ते पाणी पिऊन टाकत होता. त्या ओंजळींनी घागरीत चिखल भरत होत्या.

सासरे वरून खाली आले. नारळ तसाच हातात. जावयाकडं न बघता अप्पांना म्हणाले, "गाडी खराब हाय का माणूस?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, गाडीत काय फॉल्ट?"

सगळी वाडी माझ्याकडं बघत होती. बालाजीही. तो माझ्याकडं आशेनं बघत होता असं नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"गाडी बरोबर हाय," मी म्हणालो.

बास, एवढंच. यापेक्षा जास्त मी काही केलं नाही, आणि यापेक्षा जास्त काही करायची गरज पडली नाही. एक म्हातारी म्हणाली, "जावयानं पाणी सांडलं गं." त्या दिवसापासून बालाजीचं नाव वाडीत 'सांडपाणी' पडलं. अप्पांनी त्याला तिथंच कामावरून कमी केलं.

टँकर माझ्याच दुकानात परत आला. आता नळ बसवायला दिवस लागणारच होते. अप्पांना म्हणालो, उभीच आहे तर पाटेही करून घेतो. ठोकळे काढले आणि भंगारात फेकले. जुडी उघडली, बाक दिला, अर्धा पाटा, हेल्पर, सगळं उस्तादांनी शिकवलं तसं. आयुष्यात इतकं चांगलं काम मी क्वचित केलं असेल. नवा ड्रायव्हर आला, जेमतेम हात असलेला, आणि टँकर घेऊन वाडीचा चढ सरळ चढून गेला. लोक म्हणाले, बघा, गाडी तीच, ड्रायव्हर तेवढा बदलला. माझं चांगलं काम बालाजीच्या विरोधात साक्ष देऊन आलं. दुष्काळभर वाडीला पाणी मिळालं, याचं समाधान मला होतं, आजही आहे. ते समाधान खोटं नाही, आणि त्याच्या शेजारी हे दुसरं बसलेलं आहे, तेही खोटं नाही.

बालाजीनं मोठी गाडी सोडली. काही वर्षं मोंढ्यात मापाडी होता, मग एक जुनी जीप घेतली आणि लातूर-मुरुड प्रवाशांचं वडाप सुरू केलं. सपाट रस्ता. पाटे करायला माझ्याकडंच यायचा. "तुज्या हातचं काम लई पक्कं हाय वसंता. माजाच हात कच्चा," असं हसत हसत म्हणायचा. मित्र झाला. माझ्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड त्यानं आणलं. त्याची जीप मी जेवढ्या निगुतीनं केली, तेवढ्या निगुतीनं दुसरी कुठलीही गाडी केली नसेल. पण रस्त्यात लहानसा चढ आला तरी तो पॅसेंजर उतरवायचा आणि गाडी एकटा वर न्यायचा. लोक चेष्टा करायचे. सासरवाडीला गेला की जीप पायथ्याला लावून बायकोबरोबर पायी चढायचा. दिवाळीला, लग्नाला, सासरे गेले तेव्हाही.

मधल्या वर्षांत माझ्यात एक बदल झाला, तो लोकांना विनोदी वाटतो. मी बोलायला लागलो. गाडी आली की आधी प्रश्न: रिकामी किती चालते, भरून किती, वाट कुठली, चढ आहे का. बिलोलीचा एक वाळूवाला आला होता. म्हणाला, "पाटे वाढवा, पायजे तेवढे." मी म्हणालो, "वाढवले तर नदीत रिकामी उतरताना चाक वाळूत उकरत बसेल. हेल्पर वेगळा ठेवू." तो म्हणाला, "तुमी मिस्त्री हाव का मास्तर?" पण ऐकलं. पुढच्या वेळी मासे घेऊन आला. मुरुडच्या एका जीपवाल्याला मागून गाडी बैलाच्या वशिंडासारखी उंच हवी होती. त्याला ठोकळा दिला नाही म्हणून रागावून समोरच्या दुकानात गेला, आणि काही महिन्यांनी गुपचूप परत आला. रोडवर मला 'बिनठोकळ्याचा मिस्त्री' म्हणतात. त्या नावाचा मला अभिमान आहे. ते नाव मी कशातून कमावलं, हे कुणी विचारत नाही.

आणि या पावसाळ्यात बालाजी आला. जीपमध्ये त्याची बायको कौसा बसलेली. वाडीत मेव्हण्याच्या नातवाचं बारसं होतं.

"वसंता, जरा पाटे बग. वाडीला जायचंय."

"पायथ्यापर्यंतच ना," मी म्हणालो.

"न्हाई रे. हिचे गुडघे गेले. हिला चालवत न्हाई आता. वर न्यावी लागंल." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "निम्मा चढ सिमेंटचा झालाय म्हणं. वरचा मुरूमच हाय."

मी खाली शिरून बघितलं. अर्धा पाटा, हेल्पर, यू-बोल्ट, सगळं जागेवर. बाहेर येऊन हात पुसले. "गाडी चढंल."

"गाडीचं न्हाई इचारून राहिलो. मी चढवीन का?"

साठी ओलांडलेला माणूस, उभं आयुष्य गाडीवर गेलेला. हे मला विचारत होता, कारण माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

मी ऐरणीवर बसलो आणि सांगितलं. ठोकळे, अप्पांची घाई, उस्तादांचा शब्द, मी म्हणालेलं 'न्हाई', वाडीसमोर म्हणालेलं 'गाडी बरोबर हाय'. सगळं. तो उभाच होता. रस्त्यावरून ट्रक जात होते, मला दोनदा आवाज चढवून बोलावं लागलं.

त्यानं जीपच्या मागच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाला, "म्हंजी क्लच मी बरोबर सोडला हुता?"

"बरोबर सोडला होतास. इतका बरोबर की मी अजून लोकांना तसं सोडायला सांगतो."

"आन् गाडी बांधात घातली ती?"

"ती घातली नसतीस तर टँकर आमच्या जीपवर आला असता, मी आज दुकान चालवत बसलो नसतो."

जीपमधून कौसा म्हणाली, "काय म्हणतेत भावजी?"

"काय न्हाई," बालाजी म्हणाला. "पाटे चांगले हायेत म्हणतो." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "वसंता, तू लई नालायक माणूस हायस."

"हाव."

"च्या सांग."

चहा आला. त्यानं बशीत ओतला, फुंकर घातली, प्याला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी. दप्तर उतरवलेल्या पोरासारखे त्याचे खांदे खाली आले होते. मी पैसे घेतले नाहीत. त्यानं ते ऐरणीवर ठेवले. "तुजं सांगणं येगळं, काम येगळं."

गाडीत बसताना म्हणाला, "मला सांगितलंस, बरं झालं. पर मी सवताला सांडपाणी म्हणत न्हाई रे. वाडी म्हणती. चल की आज. मेव्हणा हाय, ती समदी म्हातारी हायेत. त्यांना सांग."

दुकानात दोन गाड्या उघड्या पडलेल्या होत्या. मी तसं म्हणालो. ते खरंही होतं.

"बरं," तो म्हणाला. अगदी मी अप्पांना म्हणालो होतो तसा.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. त्यानं कौसाला थेट मेव्हण्याच्या अंगणात नेऊन उतरवलं. वरच्या मुरमावर चाक एकदाही उडालं नाही. कौसा गाडीतून उतरल्यावर मेव्हणा म्हणाला म्हणे, "अरे, सांडपाणी वर आलं की." सगळे हसले. बालाजीही हसला. हे त्यानं मला सांगितलं, आणि फोन ठेवला.

माझं बरं चाललं आहे. दुकान मुलगा बघतो, हात अजून साथ देतात, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून कुठला पाटा तुटलाय ते मला बसल्या जागी कळतं. बालाजी पुन्हा पॅसेंजर न उतरवता चढ चढायला लागला आहे. पण वाडीला जाऊन, त्या वळणावर, त्याच्या मेव्हण्यासमोर आणि त्या दिवशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांपैकी ज्या हयात आहेत त्यांच्यासमोर, 'गाडी बरोबर नव्हती, ड्रायव्हर बरोबर होता' हे मी माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.